मोजलेलं मीठ

सोमवारपासून मी कामावर जाणार आणि सात महिन्यांचं बाळ दिवसभर सासऱ्यांपाशी राहणार, असं ठरलं होतं. जिवाला घोर होता. पण समुद्री माशांच्या टाकीसाठी ते खारं पाणी तयार करायचे, ते बघितलं की धीर यायचा. उभा जन्म प्रयोगशाळेत गेलेला माणूस. मागच्या बाल्कनीत पिंप, ढवळायला पंप, मीठ ग्रॅमवर मोजलेलं. खारटपणा समुद्राइतका, म्हणजे लिटरला पस्तीस ग्रॅम भरला, तरच ते पाणी टाकीत जायचं.

शनिवारी त्यांनी पाण्याचा थेंब खारटपणाच्या मापकातून बघितला. काच पुसून पुन्हा बघितलं. मग ते माझ्या हातात दिलं. सत्तर!

"मीठ दोनदा पडलं वाटतं," मी हसून म्हणाले. "होतं असं, बाबा. माझ्या चहात नाही का साखर दोनदा पडत?"

"घातल्यावर पिंपावर खूण करतो मी. दोन खुणा आहेत, दोन्ही माझ्याच हातच्या. मला एकही आठवत नाही."

पंप बंद करून ते तिथेच स्टुलावर बसले.

"सूनबाई, पाणी टाकीत ओतण्याआधी मोजून बघता येतं. पोराला तापाचं औषध पाजल्यावर काय मोजू?"