बंद मिलचा भोंगा

बंद पडलेल्या कापडमिलच्या जागेवर आमची केमिकल फॅक्टरी उभी राहिली, तेव्हा वायुगळतीच्या इशाऱ्यासाठी मिलचाच जुना भोंगा मी, सुरक्षा अधिकारी म्हणून, निवडला. तो पार फ्रीगंज बाजारापर्यंत ऐकू जायचा, आणखी काय पाहिजे? मग मिलवस्तीत घरोघरी फिरून समजावलं: भोंगा वाजला की नाकाला ओलं फडकं बांधायचं आणि फॅक्टरीपासून लांब, नदीकडे निघायचं. त्याच वस्तीत राहणाऱ्या बाबांना तर दोनदा सांगितलं; त्यांनी तीस वर्षं मिलमध्ये काढली होती. आज सकाळी सातला पहिली तालीम होती. भोंगा वाजला आणि मी घड्याळ लावून फाटकाशी उभी राहिले. माणसं घराबाहेर पडली, पण नदीकडे कुणीच वळलं नाही. अख्खी वस्ती सरळ माझ्याकडे येत होती. सगळ्यांत पुढे बाबा होते, नाकाला ओला पंचा, हातात जेवणाचा डबा. मला काही समजेना. “बाबा, लांब जायचं होतं ना?” “हो, तू सांगितलं होतंस,” म्हणत त्यांनी डबा उघडून पाहिला. तो रिकामा होता. “मग मी इकडे कसा आलो?” मागून कुणीतरी विचारलं, “मॅडमजी, मिल चालू हो गई क्या?” माझ्या हातातल्या फॉर्मवर एकच प्रश्न होता: वस्ती किती मिनिटांत रिकामी झाली? मी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, चार.