पैलवानाची तारीख

गिऱ्हाइकाच्या एका गालावरचा फेस उतरला होता, दुसऱ्यावरचा बाकी होता, तेवढ्यात पैलवानाचा फोन वाजला. भावोजी होते.

"मिळाली!" भावोजी ओरडलेच. "ताईला किडनी मिळाली! कुणीतरी अपघातात गेलं, त्याच्या घरच्यांनी दान केली. यादीत आपला नंबर लागला. पहाटे बोलावलं, ऑपरेशन झालंसुद्धा. ताई ठीक आहे. आता तू सुटलास, बघ!"

"अरे वा," पैलवान म्हणाला. "अरे वा, अरे वा."

तीनदा म्हणूनही ते खरं वाटेना. त्याच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते असं: मग आता माझं काय? दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की वस्तरा खाली ठेवावा लागला. सख्खी बहीण मरणाच्या दारातून परत आली, आणि ह्याला स्वतःची पडली!

"चांगली बातमी ना?" गिऱ्हाइकानं आरशातूनच विचारलं.

"एकदम चांगली," पैलवान म्हणाला आणि उरलेला गाल साफ करायला लागला.

पैलवान हे नाव काही कुस्तीमुळे पडलेलं नव्हतं. वजन एकशे बेचाळीस किलो. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये तो तिरका होऊनच शिरायचा. पोट गिऱ्हाइकाच्या खांद्याला लागू नये म्हणून हात लांब करून केस कापायचा. संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे. कुणी काही बोलायच्या आत स्वतःच बोलायचा, "टेका, टेका, उशी फुकट आहे!" लोक खो खो हसायचे. दिवसभर आरशासमोर उभा असायचा, पण स्वतःकडे बघणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. झोपेत तुमचा श्वास अडकतो. एखाद दिवशी अडकला तो अडकला. उपाशी राहून झालं होतं, चालून झालं होतं. गुडघे गेले, आणि गेलेलं वजन दुपटीनं परत आलं. आता वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन हाच उपाय. त्यानं घरी विषय काढला. आई म्हणाली, "चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं? त्यापेक्षा तोंडाला कुलूप लाव की!" भावोजी म्हणाले, "नसते चोचले. मन घट्ट कर, झालं." त्यांचं काय चुकलं, असं त्यालाही वाटलं. खाणारा तोच होता. विषय तिथंच मिटला.

मग ताईच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. घरात जुळली ती फक्त ह्याची. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनाच्या माणसाची घेता येत नाही. आधी पोटाचं ऑपरेशन करा, वर्षभरात वजन उतरलं की मग बघू.

आणि काय चमत्कार! तेच पोट, तेच ऑपरेशन, पण आता ते चोचले नव्हते. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. भावोजी स्वतः धावपळ करून तारीख घेऊन आले. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, भाऊ असावा तर असा. एकटी ताई तेवढी विरोधात होती. "माझ्यापायी दोनदा चिरून घेणार? नको मला तुझं काही." तिच्याशी वाद घालताना पैलवानाला फार थोर वाटायचं. चोरून बरंही वाटायचं. कधी नव्हे तो पुढच्या वर्षाच्या गोष्टी करायला लागला होता.

आणि तारखेला आठ दिवस उरले असताना हे.

पाचव्या दिवशी ताईला भेटू दिलं. तोंडाला मास्क लावून तो आई आणि भावोजींच्या शेजारी खाटेपाशी उभा राहिला. खुर्ची होती, पण हातांची. तिच्यात तो मावला नसता. ताईच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. ते बघून त्याला मनापासून आनंद झाला. हा आनंद खरा होता, आणि तो झाला म्हणून त्याला हायसं वाटलं.

"सुटलास रे बाळ्या," ताई म्हणाली. "माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता."

"आता कशाला ती कापाकापी," आई म्हणाली. "माझी दोन्ही लेकरं शाबूत राहिली."

भावोजींनी खिशातून कागद काढला. तारीख रद्द करायचा अर्ज. सगळं भरून आणलं होतं. माणूस मोठा कामाचा. फक्त सही राहिली होती. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

पैलवानानं पेन घेतलं. एक सही केली की सगळे खूश. उद्या दुकान उघडायचं, तिरकं होऊन आत शिरायचं, लोकांना हसवायचं. त्यात काय, इतकी वर्षं केलंच की! पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं.

"अरे, कर की," भावोजी म्हणाले.

"मला करायचंय ते."

"काय करायचंय?"

"ऑपरेशन." आवाज इतका बारीक आला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

आई बघतच राहिली. "आता कुणासाठी?"

पैलवानानं पटकन एखादा विनोद शोधला. सापडला नाही. त्यानं आईकडे पाहिलं नाही, भावोजींकडेही नाही. ताईकडेच पाहिलं.

"ताई, तू मरायला टेकलीस तेव्हा कुठे मला जगायची परवानगी मिळाली होती," तो म्हणाला. "आता तू बरी झालीस म्हणून ती परत घेऊ नका."