लाईलचं निरोपाचं भाषण

केक कापून झाला आणि कागद गिरणीच्या कॅन्टीनमध्ये लाईल नोव्हाकची फिरकी घ्यायला सुरुवात झाली. आमच्या गावात निवृत्त होणाऱ्या माणसाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. त्याची यथेच्छ टिंगल करतात, आणि ती जितकी लांबेल तितका माणूस लाडका, असं समजायचं.

लाईलची लांबतच चालली होती. चार नंबरच्या मशीनवर जन्मभर त्याच्या शेजारी उभा राहिलेला डुएन आधी उठला. लाईलनं नव्या फोरमनसमोर हाताला टोमॅटोचा सॉस फासून बोट तुटल्याचं नाटक कसं केलं होतं, ते त्यानं साग्रसंगीत सांगितलं. गिरणी विकली गेल्याची अफवा उठवून त्यानं वरच्या साहेबांनासुद्धा कसं पळवलं होतं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "हा मेल्याचं कळलं ना, तर मी दोन दिवस वाट बघणार आहे. फुलं त्यानंतर."

मग मॅनेजर गॅरेट बोलला. लाईलपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, माईक हातात आला की खुलणारा माणूस. लाईलची जागा कोणीच भरून काढू शकणार नाही, म्हणून कंपनीनं ती बंदच करून टाकली आहे, असं त्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात लाईलच हसला.

पुढच्या टेबलाशी त्याची बायको डार्ला बसली होती. तिला नसांचा आजार होता. दर सहा महिन्यांनी शहरातल्या इस्पितळात जाऊन तिला औषधाची बाटली चढवून घ्यावी लागे. तेवढ्याच्या जोरावर ती आज काठीशिवाय, स्वतःच्या पायांनी कॅन्टीनमध्ये आली होती. ती बाटली न मिळालेलं एक वर्ष दोघांनी पूर्वी काढलं होतं, आणि त्या वर्षी लाईल तिला उचलून न्हाणीघरात नेत असे. पुढं गिरणीतल्या कंपनीच्या विम्यात ते औषध बसलं, आणि बाटलीची चिंता मिटली ती मिटलीच.

पासष्ट पूर्ण झाली की त्याच महिन्यात गिरणी सोडायची, हा आमच्याकडचा रिवाज. सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड तेव्हा घरी येतं ना. लाईलच्या बापानंही तेच केलं होतं.

कचेरीतली किम केकची डिश घेऊन लाईलच्या शेजारी येऊन बसली. आधी तिनं त्याचं अभिनंदन केलं आणि मग सहज विचारलं, "डार्लासाठी काय ठरवलंत मग?"

"काय ठरवायचंय? ती माझ्याच कार्डावर आहे की."

"ते कंपनीचं कार्ड, लाईल. महिनाअखेरीला संपतं ते. सरकारचं कार्ड ज्याचं त्याला मिळतं. डार्लाला पासष्ट व्हायला अजून चार वर्षं आहेत."

लाईल म्हणाला, बापाच्या वेळी तर गिरणी कामगाराच्या बायकोचाही विमा शेवटपर्यंत भरायची. किम म्हणाली, हो, पण ती सवलत पगाराच्या दोन करारांपूर्वी गेली. तेव्हा त्याला आठवलं. युनियनच्या सभेत हात वर करून मतदान झालं होतं, आणि त्यानंही हात वर केला होता. तासाचा पगार वाढत होता, आणि म्हातारपण तेव्हा दुसऱ्यांना येत होतं.

कंपनीचाच विमा आपल्या पैशानं चालू ठेवता येतो, हेही किमनं सांगितलं. महिन्याचा आकडा तिनं हळू आवाजात सांगितला. त्यात लाईलची सगळी पेन्शन जाऊन वर कर्ज झालं असतं. बाजारात स्वस्त विमे होते, पण शहरातल्या त्या इस्पितळात त्यांतला एकही चालत नव्हता. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी बघून ठेवलं असेल," किम म्हणाली आणि केकवरचं क्रीम काट्यानं बाजूला सारत राहिली. बिचारीचा काही दोष नव्हता.

लाईल उठला. कॉफीच्या टेबलाशी गॅरेट उभा होता. त्याच्या कोपराला धरून लाईल म्हणाला, "मला राजीनामा मागे घ्यायचाय. रात्रपाळी दे, झाडू दे, कसलंही काम दे."

गॅरेटच्या तोंडातली कॉफी सांडायची राहिली. लाईलच्या गळ्यात हात टाकून त्यानं त्याला तसाच माईकपाशी ओढत नेलं आणि म्हणाला, "ऐकलंत का? याला आता झाडू मारायचाय!"

कॅन्टीन दणाणलं. लाईलनं माईक घेतला. हसणं ओसरेपर्यंत थांबून तो म्हणाला, "मी खरंच सांगतोय. मला काम पाहिजे."

हशा दुप्पट झाला. डुएननं तर टेबलावर डोकं टेकलं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते बोलायला तो डार्लाकडे वळला.

डार्ला हसत होती. पोट धरून, डोळे पुसत, शेजारणीच्या खांद्यावर रेलून हसत होती. माझा नवरा हा असा आहे, हे ती सगळ्यांना अभिमानानं दाखवत होती.

"बोल की लेका!" डुएन ओरडला.

लाईलनं माईक खाली ठेवला आणि, सगळे वाटच बघत होते म्हणून, कमरेत वाकून मुजरा केला.