लेखी नकार

"मुलीला रोखायचं रिट, म्हणजे कोर्टाचा हुकूम, थेट काढायचा अधिकारच नाही आम्हाला," खिडकीतला कारकून तिसऱ्यांदा म्हणाला. "हे अपिलाचं कोर्ट, बाई. खालच्या कोर्टाने अर्ज फेटाळला, तरच आम्ही त्यात हात घालू शकतो."

"पण खालचे साहेब सकाळपासून काहीच ठरवत नाहीयेत हो!"

"मग आमचाही नाइलाज आहे."

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा चारच्या विमानाने त्यांच्या सात वर्षांच्या लेकीला परदेशी घेऊन चालला होता, आणि तो काही परत येणाऱ्यांतला नव्हता. दोन वाजले होते. पोलिसांनी हात वर केले होते. पासपोर्टवाल्यांनी या टेबलावरून त्या टेबलावर नाचवलं होतं. सगळे नाहीच म्हणत होते. लिहून मात्र कुणी देत नव्हतं.

कारकुनाला तिची दया आली. "असं करा, नकार तरी लेखी आणा. आमचे साहेब पावणेचारपर्यंत बसतात. मी रिट टाइप करून ठेवतो. सही झाली की इथूनच विमानतळावर फोन करतो."

ती धावत सुटली. खालचं कोर्ट पार गावाबाहेर, विमानतळाला लागून, पाऊण तासाच्या वाटेवर. टॅक्सीत तिने देवाचा धावा केला. देवा, एवढा नकार पदरात टाक. असलं मागणं देवानेही कधी ऐकलं नसेल.

न्यायाधीश कागदांत डोकं घालून बसले होते.

"पाया पडते, साहेब. नाही म्हणा, पण लिहून म्हणा!"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही म्हणू?"

"हो. पण लवकर."

त्यांनी चार ओळी खरडल्या, शिक्का मारला आणि कागदाची घडी तिच्या हातात दिली.

"विमान चारला ना? पळा मग."

ती पळाली. टॅक्सी थांबवूनच ठेवली होती. घडी तिने मुठीत घट्ट धरली होती, पण उघडून बघायचं मनातही आलं नाही. नकारात वाचायचं काय? दिवसभर तोच तर ऐकत होती.

तीन चाळीसला ती धापा टाकत खिडकीशी पोचली. "आणला हो! आणला! करा फोन!"

कारकुनाने घडी उलगडली. टाइप केलेलं रिट शेजारीच सहीसाठी तयार होतं. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि रिट हळूच बाजूला सारलं.

"यावर आम्हाला काही करता येत नाही, बाई, फोनसुद्धा नाही," तो म्हणाला. "त्यांनी तुमचा अर्ज मंजूर केलाय."