नळी निघते कशी

पुन्हा तेच. कमोडच्या तळाला वाटीभर पाणी आणि बाथरूमभर वास. लेकीने ऑफिसला निघायच्या कपड्यांतच बाह्या वर सारल्या, फ्लशच्या टाकीचं जड झाकण उचललं आणि बेसिनवर आडवं ठेवलं. आत बोटाएवढी ती नळी उभ्या पाइपातून निघून टाकीतच पडली होती. जे पाणी खाली भांड्यात जायचं, ते टाकीतल्या टाकीत फिरत होतं.

“ये रे माझ्या मागल्या!” ती ओरडलीच.

“हळू गं,” दारातून आई म्हणाली. “जावईबापू झोपलेत. रात्रपाळी करून तीनला आलेत.”

“त्याच्या कानाशी ताट आपटलं तरी जाग येत नाही, आई.”

प्लंबर दोनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा नळी लावून गेला, दुसऱ्यांदा हसून गेला. टाकीत उंदीर पाळलाय का ताई, म्हणाला. नवऱ्याने नुसतं मत दिलं की मालच भिकार आहे, आणि कूस बदलली. एवढ्याशा नळीपायी तिच्या नाकी नऊ आले होते. घरातलं बाकी सगळं तीच बघत होती, आता हेही.

त्यात आईचं वेगळंच. आपलं घर विकून ती लेकीकडे कायमची राहायला आली होती, पण बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच. कपाट रिकामं करून दिलंय, कपडे लाव, असं लेक रोज सांगे. लावते गं सवडीने, असं आई रोज म्हणे. सवडीशिवाय तिच्याकडे दुसरं होतं काय?

लेकीने पक्कड आणि तारेचा तुकडा आणला. नळी पाइपात खोचली, वरून तारेचे वेढे दिले आणि पीळ घालायला लागली. तार बोटाला लागली तशी तिने टाकीलाच एक शिवी हासडली.

“आता बघते कशी निघते ती.”

“तारेने नको गं बांधूस,” आई म्हणाली. “माझ्या हाताने सुटायची नाही मग.”

पक्कड थांबली.

“तू काढतेस?”

आई पटापट बोलायला लागली. “पहाटे मला दोनतीनदा यावं लागतं. टाकी भरताना केवढी खळखळते! जावईबापूंची खोली भिंतीला लागून. एकदा उघडून बघितलं, तर या नळीचाच सगळा कालवा. बाहेर काढली की मुकाट भरते. सकाळी परत लावायची असते गं, पण तेव्हा तुझी निघायची घाई, आत तूच असतेस.”

“हे झाकण उचलतेस तू? अंधारात? पायावर पडलं म्हणजे?”

“उचलत नाही. थोडं सरकवून हात घालते.”

लेकीला भयंकर राग आला. आईचा आला, पलीकडे घोरणाऱ्या नवऱ्याचा तर उगाचच आला. त्या रागाच्या मागून रडू येत होतं, ते तिला अजिबात नको होतं. तिने तारेला शेवटचा पीळ घातला.

“आई, त्याने कधी काही म्हटलंय तुला?”

“नाही गं. देवमाणूस आहेत ते. म्हणून तर.”

“हे घर तुझंपण आहे. वाजलं तर वाजू दे.”

आणि तिने फ्लश ओढला. पाणी धबाधबा कोसळलं. पाठोपाठ टाकी भरू लागली, नळी पाइपात खळखळू लागली आणि भांड्यातलं पाणी हळूहळू वर चढलं, जिथवर चढायला हवं होतं तिथवर.

आई चटकन आत आली. कडीचा आवाज होऊ न देता तिने बाथरूमचं दार लावून घेतलं आणि टाकी भरेपर्यंत दाराला पाठ लावून उभी राहिली.