पिसातल्या रेघा

डॉक्टरीणबाईंनी गळून पडलेलं एक पीस चिमट्यात धरलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं.

"दिसतायत का रेघा?"

तिनं मान पुढे केली. हिरव्या पिसावर आडव्या, केसाएवढ्या बारीक, फिकट रेघा होत्या. टोकाकडे विरळ, देठाकडे मात्र एकमेकींना चिकटलेल्या.

"पीस वाढत असताना पक्षी उपाशी राहिला, की तिथं अशी रेघ उठते. खायला मिळालं की पीस पुढे वाढतं. पुन्हा उपास, पुन्हा रेघ." बाईंनी पीस तिच्या तळहातावर ठेवलं. "कुणाकडे होता हा पोपट?"

"आईकडे. गेल्या आठवड्यात गेली ती. तेव्हापासून याचं खाणंच सुटलंय."

"रेघा त्याच्या बऱ्याच आधीच्या आहेत."

"छे हो! आई याला उपाशी ठेवणारी नव्हती. स्वतःच्या तोंडातला घास काढून दिला असता तिनं."

बाईंनी चिमटा खाली ठेवला.

टेबलावरच्या पिंजऱ्यात पोपट अंग फुगवून बसला होता. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटून काढलेली. खाली नुसती गुलाबी, खरखरीत कातडी. भिजवलेल्या दाण्यांच्या वाटीकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. तिची चार वर्षांची लेक स्टुलावर चढून त्याला समजावत होती, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा…"

"मग पोपटाचा कुठला गं?" बाईंनी विचारलं आणि हसू आवरून तिच्याकडे वळल्या. "आज खाल्लं नाही तर नळीनं भरवावं लागेल. एवढ्याशा जिवाला ते सोसेल, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार."

"काहीही करा, पण वाचवा याला. आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला जुना फोन खणाणला.

पोपट ताठ झाला. डोळ्यांतल्या बाहुल्या लहान-मोठ्या होऊ लागल्या. दांडीवरून दोन पावलं सरकून तो आईच्या आवाजात म्हणाला, "आला, आला!"

लेक चटकन स्टुलावरून उतरली आणि टेबलाखाली बघू लागली. "आजी?"

"हं, बोल गं बाळा," पोपट सांगत होता. "बरी आहे मी. जेवले की, केव्हाच जेवले. तू पोरीकडे बघ. ठेवू?"

मग फोन ठेवल्याचा हुबेहूब खट् आवाज. मग एक उसासा.

"चल शहाण्या. आता जेवू आपण."

तो खाली उतरला आणि वाटीतले दाणे टिपू लागला.

"अहो, हेच तर हवं होतं!" बाईंचा चेहरा उजळला. "फोन झाला की जेवायचं, हे डोक्यात पक्कं बसलंय याच्या. रोज संध्याकाळी फोन वाजवा घरात. दोन महिन्यांत पिसं येतील बघा. पण रोज हं. एक दिवसही चुकवायचा नाही."

"रोज," ती म्हणाली.

तो फोन तिचाच असायचा. लेक झोपली की करायचा, असं ठरलेलं. लेकीला थोपटता थोपटता तिचाच डोळा लागायचा. उद्या करू, म्हणायची. आईनं कधी बोल लावला नाही.

पोपटानं वाटी निम्मी केली. बाईंनी औषधाची बाटली दिली, थेंब कसे मोजायचे ते दाखवलं. तिनं सगळ्याला मान हलवली. पीस अजून मुठीतच होतं.

"रस्त्यावर गोंगाट असेल. झाकून न्या," बाई म्हणाल्या.

आईची जुनी शाल तिनं पिंजऱ्यावर टाकली आणि चारी बाजूंनी नीट ओढून घेतली. आत अंधार झाला. दांडीवर नख्या घासल्याचा आवाज आला.

"आज फोन काही येत नाही आता," शालीखालून आई म्हणाली. "दमली असेल पोर."

आणि थोडं थांबून, "मलाही भूक नाहीच. झोपू चल, शहाण्या."