शेवटच्या पेशंटनंतर

रांगेतल्या शेवटच्या आजोबांचं रक्त मशीनमध्ये गेलं, तरी तपासणी करणाऱ्या खैरेबाई उठेनात. मुक्तेश लॅबच्या दारातून बघत होता. चार महिने रोज शेवटच्या पेशंटनंतर एक जास्तीची नोंद पडत होती: नाव नाही, वय नाही, साखर शून्य. मशीनचे आकडे कॉम्प्युटरवर आणणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. त्याच्या आडून कोणी लबाडी करत असेल तर रंगेहाथ पकडावं, म्हणून तो न कळवता आला होता.

बाईंनी बाटलीतलं पाणी एका नळीत भरलं आणि ती मशीनला लावली.

“हा पेशंट कोण?”

“पाणी आहे ते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “शेवटचा रिपोर्ट आतच अडकून बसतो. मागून दुसरा आला की बाहेर पडतो. पहिल्याच आठवड्यात एका बाईंची साखर साडेपाचशे होती. आकडा दुसऱ्या दिवशी दिसला, तोवर त्या बेशुद्ध पडल्या होत्या. तुमच्या ऑफिसात तीनदा फोन केला मी.”

मुक्तेशने लॅपटॉप उघडला. आकडे बफरच्या तात्पुरत्या साठ्यात अडकू न देता लगेच पुढे ढकलायचे, एवढी एक ओळ लिहायची तो विसरला होता. त्याने ती लिहिली. बाईंनी आजोबांचं रक्त पुन्हा लावलं. रिपोर्ट लगेच आला.

“आता पाणी लागणार नाही,” तो म्हणाला.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाण्याची नळी लावली.